जीव घाबरते म्हणजे काय?



आरोग्यनियोजनावर मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने बोलावे, हे थोडे आगंतुकपणाचेच. परंतु या विषयाशी माझे नाते पुस्तकातून जडलेले नाही. १९६० च्या पावसाळ्यात माहेरी आलेली माझी आत्या बाळंतपणात अडली. गावची सुईण अनुभवी. पण आडव्या मुलापुढे तिचा इलाज चालेना. बैलगाडी सौंसरच्या वाटेला लागली आणि ओढ्याच्या पुरापाशी थांबली. पाणी पहाटे उतरले. तोवर गाडी घराकडे वळवण्याची वेळ आली होती.

सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल तेव्हा चौदा वर्षांचा झाला होता! प्रतिबंध आणि उपचार यांची फारकत करू नये, आरंभी ४० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे त्याने १९४६ मध्येच सांगितले होते. १९५२ नंतर केंद्रे उभी राहू लागली, तरी देवी, हिवताप, कुटुंबनियोजन यांचे कर्मचारी निरनिराळे. १९७३ मध्ये करतारसिंग समितीने बहुउद्देशीय कर्मचारी सुचविला. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने लोकसहभागाचा उच्चार केला. मात्र तत्पूर्वीच, १९७० च्या दशकात, आरोळे दांपत्याने जामखेडला गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांच्या हाती आरोग्य सोपविले होते. मला या साऱ्या इतिहासात तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण नियोजनाच्या कागदावर भाषेचा रकाना नसतो. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. २०२३ मध्ये जिल्हाही छिंदवाड्याऐवजी पांढुर्णा झाला. दुखणे मात्र आपण मराठीतच सांगतो. कळ, चमक, ठणका, भगभग! या चारही शब्दांसाठी केसपेपरवर ‘दर्द’ एवढेच उमटते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका वृद्धेला घेऊन मी एका दवाखान्यात गेलो होतो. ती म्हणाली, “जीव घाबरते.” तरुण डॉक्टरांनी ‘घबराहट’ लिहून झोपेची गोळी दिली. मराठीचा प्राध्यापक शेजारी उभा होता, आणि त्यालाही काही सुचले नाही. सोबत गावची आशा कार्यकर्ती होती. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आणलेली ही योजना. तिने हिंदीत सांगितले, “हांडा घेऊन चढ चढली की हिला होते, बसली की थांबते.”

डॉक्टरांनी लिहिलेला कागद बाजूला सारला आणि हृदयाचा आलेख काढायला सांगितले.