मोटार मध्येंच कां थांबते?



जुन्या मोटारीचा सर्वांत फसवा दोष म्हणजे इंजिन वाटेंत बंद पडणें व अर्ध्या तासानें आपोआप सुरू होणें. मिस्त्रीच्या दारीं ती शहाण्यासारखी चालते. मग अंदाजानें एकेक भाग बदलला जातो. पैसा जातो, दोष राहतो, आणि एखाद्या दिवशीं भर घांटांत, मागें मालट्रक असतांना, पुन्हां प्रगट होतो.

प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या मोटारीस मुख्यतः दोन गोष्टी लागतात : पेट्रोल आणि ठिणगी. यांपैकीं कोणती हरवली, हें गाडी बंद असतांनाच पाहिलें पाहिजे. गचके देत थांबली, तर बहुधा पेट्रोल तुटलें. दिवा मालवावा तशी थांबली, तर बहुधा ठिणगी गेली.

प्रथम टाकीचें झांकण सैल करावें. सूं करून हवा आंत शिरली व गाडी चालूं लागली, तर झांकणाचें छिद्र बुजलें आहे. पेट्रोलचा हलका अंश ४० अंशांच्या आसपासच उकळूं लागतो. म्हणून उन्हाळ्यांत नळींत वाफ कोंडते. पंपावर ओलें फडकें ठेवल्यानें ती निवते.

पेट्रोल सांडलेलें नाहीं हें पाहून, तारेला जादा प्लग जोडून तो इंजिनाच्या धातूस टेकवावा व किल्ली फिरवावी. निळी ठिणगी न दिसल्यास कॉइल व कंडेन्सर तपासावेत. तापल्यावर दगा देणारीं हीं, निवल्यावर निर्दोष भासतात.

ताप उतरल्यावर वैद्यास नाडी काय सांगणार? गाडी सुरक्षित बाजूस घ्यावी, आधीं पाहावें, मगच बदलावें.