चमचाभर म्हणजे नक्की किती?

आजचा एपिसोड छोटा आहे. पण ऐकून झाल्यावर तुम्ही किचनमध्ये जाऊन चमचे बघणार, हे लिहून घ्या.

मागच्या पावसाळ्यात ताई आणि दाजी एका लग्नाला गेले होते. भाचा आमच्याकडे होता, वय वर्षं चार. रात्री त्याला ताप आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं, ‘वन टीस्पूनफुल’. आईनं विचारलं, “अरे, किती द्यायचं?” मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणालो, “एक चमचा दे गं.” आई पोहे खायचा चमचा घेऊन आली. तो भरणार, इतक्यात भाचाच ओरडला, “आजी, मम्मा टोपणातून देते!”

तो झोपल्यावर मी त्याच मापाच्या टोपणानं पाणी मोजलं. टीस्पून म्हणजे ५ मिली. आमच्या पोह्यांच्या चमच्यात १२ मिली मावलं. चहाच्या छोट्या चमच्यात जेमतेम ४. म्हणजे आई माझं ऐकून जवळजवळ अडीच पट औषध देत होती. चूक आईची नव्हती, माझी होती. मी ‘टीस्पूनफुल’चं नुसतं ‘चमचा’ करून टाकलं होतं.

आता हा शब्द नीट बघू. इंग्रजीत भांड्याच्या नावाला ‘फुल’ जोडलं की भांडं मागे पडतं आणि माप उरतं. स्पूनफुल, कपफुल, बकेटफुल. भांडंच लागतं असंही नाही. हँडफुल म्हणजे मूठभर, आर्मफुल म्हणजे कवेत मावेल एवढं. टेबलफुल, प्लेटफुलही चालतं. तिथे आत काही मावत नाही, वर मांडलेलं मोजतात. स्पेलिंगमध्ये शेवटी एकच एल, दोन नाहीत.

अनेकवचनात खरी गंमत आहे. ‘थ्री स्पूनफुल्स’ म्हणजे एकाच चमच्यानं तीनदा घेतलेलं माप. ‘थ्री स्पून्स फुल’ म्हणजे समोर तीन चमचे आहेत आणि तिन्ही भरलेत. एस कुठे लागला त्यावरून कळतं की आपण माप मोजतोय की चमचे. ‘स्पून्सफुल’ हे रूपही डिक्शनरीत सापडतं, पण आज स्पूनफुल्सच जास्त चालतं.

थिएटरबाहेरची आपली लाडकी पाटी आठवा, हाउसफुल्ल! ते इंग्रजीत दोन शब्द आहेत: हाउस फुल, म्हणजे थिएटर भरलं. जोडून लिहिलं तर ‘अ हाउसफुल ऑफ गेस्ट्स’, म्हणजे घर भरेल एवढे पाहुणे. एका स्पेसनं पाटीचं माप होतं.

आपल्याकडे हे काम ‘भर’ करतो. चमचाभर, ओंजळभर, पसाभर. पण आपला भर जास्त फिरतो. ‘घरभर पसारा’ म्हटलं की आपण पसारा मोजत नाही, तो सगळीकडे पसरलाय असं सांगतो. पुढे दिवसभर, जन्मभर. इंग्रजीतला फुल वेळेला असा लागत नाही. तिथे ऑल डे, लाइफलाँग असे वेगळे शब्द घ्यावे लागतात. आणि ‘माउथफुल’ म्हणजे एक घास, पण उच्चारताना जीभ अडखळेल अशा लांबलचक नावालाही माउथफुल म्हणतात. आपण मात्र तोंडभरून कौतुक करतो!

पण माप म्हणून वापरायचं तर भांडं किती मोठं, हे सगळ्यांनी आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे चार शेरांची पायली ठरलेली होती. खनिज तेलाचं बॅरल आज ४२ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण १५९ लिटर. तेल जातं टँकरनं आणि पाइपलाइननं, पिंप उरलं ते हिशोबात. आणि जिथे एकमत नाही तिथे घोळ होतो. अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा, मेट्रिक कप २५० चा. टेबलस्पून अमेरिकेत १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २० चा. यूट्यूबवर बघून केलेला केक बसला, तर आधी रेसिपी कुठल्या देशातली आहे ते बघा.

केक बसला तर आपण हसतो. औषधात हसता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०१५ मध्ये सांगितलं की मुलांच्या पातळ औषधाचा डोस फक्त मिलीलिटरमध्ये लिहा. चमचा हा शब्दच नको.

तेव्हा आजचा होमवर्क एवढाच. औषधाच्या खोक्यातलं टोपण फेकू नका. चिठ्ठीवर चमचा लिहिला असेल तर “किती मिली?” असं डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारा. आणि घरी आईनं “किती द्यायचं?” विचारलं, तर आधी लॅपटॉपमधून मान वर काढा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, पोतंभर घ्या!