दान आणि दानाची व्यवस्था



भुकेल्यास अन्न देणे हे पुण्य खरेच. परंतु ते ज्या हातांनी पोहोचते त्यांचा कारभारही निर्मळ असावयास हवा. रोमन कॅथॉलिक पंथाच्या ‘कारितास’ या जगद्‌व्यापी साहाय्यसंघाने डिसेंबर २०१३ मध्ये उपासमारीविरुद्ध चळवळ आरंभून सरकारांपुढे अन्नाचा हक्क मांडला. २०२२ साली त्याच्याच रोम येथील मुख्य कचेरीची चौकशी झाली. अफरातफर आढळली नाही; परंतु कारभारातील उणिवांनी सेवकवर्गाचे मन खचले होते. तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी पदाधिकारी दूर करून तात्पुरता प्रशासक नेमला. मे २०२३ मध्ये नवे पदाधिकारी निवडले गेले. सरकारास जाब विचारणाऱ्याने स्वतःचा जाब आधी द्यावा. म्हणून आपण वर्गणी द्यावी आणि हिशेबही मागावा, हीच नम्र विनंती.