कोणती प्रत खरी?

श्रोतेहो, जुन्या सिनेमाचं वेड असलेली चार माणसं जमली की गप्पा सिनेमाच्या गोष्टीवर फार वेळ टिकत नाहीत. नट कसा होता, गाणी कशी होती, हे पाच मिनिटांत आटपतं. मग कुणीतरी विचारतं, ‘तुझ्याकडची प्रत कोणती?’ आणि खरी लढाई तिथं सुरू होते. आमच्या कंपूत प्रोजेक्टर चालवण्यात हयात घालवलेले एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, कॉलेजात शिकणारा एक मुलगा आहे आणि मी आहे. एकाच सिनेमाच्या तीन-तीन डिस्क घरात बाळगणारी माणसं आम्ही! घरच्यांना हे खूळ वाटतं. ‘सिनेमा तोच ना, मग पुन्हा कशाला?’ हा त्यांचा सवाल. पण सिनेमा तोच असतो, ही समजूतच मुळात तपासून घ्यायला हवी.

पूर्वी पोथ्या हातानं नकलून घेत. नकलणाऱ्याच्या हातून एखादी ओळ गळायची, एखादी पदरची घुसायची. अशा पाठभेदांनी भरलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये शुद्ध केली. सिनेमाचंही तसंच आहे. मूळ सिनेमा फिल्मवर असतो. तो घरच्या पडद्यावर आणायचा तर फिल्मवरची चित्रं दुसऱ्या माध्यमावर उतरवावी लागतात. याला ट्रान्सफर म्हणतात. हीसुद्धा नक्कलच, आणि हिच्यातही पाठभेद होतात.

सर्वांत सोपा हिशेब ठिपक्यांचा. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या व्हीसीडीच्या एका चित्रात साधारण एक लाख ठिपके असत. डीव्हीडीत ते चार लाखांवर गेले, ब्लू-रेमध्ये वीस लाखांवर आणि फोर-के डिस्कमध्ये ऐंशी लाखांच्या पुढे. म्हणून नवी डिस्क आली की दुकानदार म्हणायचा, ‘एकदम क्लिअर आहे साहेब!’ पण ठिपके वाढले म्हणजे नक्कल चांगली झाली असं नाही. मोठ्या कागदावरही चुकीचं लिहिता येतं.

पहिली चूक आकाराची. सिनेमास्कोपचं चित्र उंचीच्या सव्वादोनपटीहूनही जास्त रुंद असतं. जुना टीव्ही मात्र जवळजवळ चौकोनी. त्याचा पडदा पूर्ण भरायचा तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापावा लागे. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा १९५९ सालचा ‘कागज के फूल’. अशा चित्रात दोन माणसं दोन कडांना उभी असतील आणि मधली पोकळी हाच त्या प्रसंगाचा अर्थ असेल, तर कापल्यावर काय उरणार? एक माणूस, नाहीतर नुसती भिंत. वुडी अॅलन यांनी आपल्या ‘मॅनहॅटन’ची व्हिडिओ प्रत वर-खाली पट्ट्या ठेवूनच काढायला लावली, ती यासाठीच. आमच्याकडे मात्र पट्ट्या दिसल्या की ‘अर्धा पडदा रिकामा का?’ म्हणून तक्रार व्हायची. त्या पट्ट्यांमुळेच चित्र पूर्ण दिसतंय, हे पटवायला वर्षं गेली.

दुसरी चूक वेगाची, ही चटकन कळत नाही. फिल्मवर सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. आपल्या टीव्हीच्या पद्धतीत पंचवीस. त्यामुळे सिनेमा थोडा पळवला जायचा आणि दोन तासांचा चित्रपट पावणेपाच मिनिटं आधीच संपायचा. सूर दुरुस्त करून घेतला नसेल तर गाणंही जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढं वाजायचं. आमच्या बाई पेटी वाजवतात. डीव्हीडीवरचं गाणं पेटीशी जुळत नाही, हे त्यांनीच प्रथम पकडलं.

तिसरी चूक जास्त सफाई करण्याची. फिल्मच्या चित्राला एक बारीक रवाळपणा असतो. ते फिल्मचं अंगच आहे. काहींना ती घाण वाटते, मग संगणकानं ती पुसून टाकतात. त्याबरोबर कातडीवरच्या सुरकुत्या, कापडाचा पोत, केसांची बटही पुसली जाते. ‘प्रीडेटर’ या १९८७ सालच्या चित्रपटाची २०१० मध्ये आलेली ब्लू-रे याबाबत कुप्रसिद्ध आहे. त्यात माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसतात. नवी, महाग, चकचकीत आणि तरीही आधीपेक्षा वाईट!

इथवर आमच्यात फारसे मतभेद नसतात. खरी खडाजंगी पुढे आहे. बदल खुद्द दिग्दर्शकानंच केला असेल तर?

‘द फ्रेंच कनेक्शन’ हा १९७१ सालचा ऑस्करविजेता चित्रपट घ्या. २००९ मध्ये त्याची ब्लू-रे निघाली तेव्हा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी त्याचे रंग पार बदलून टाकले. चित्र फिकट, थंड आणि रंग फुटल्यासारखे दिसू लागले. ज्यांनी तो चित्रपट कॅमेऱ्यात पकडला होता, ते छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. पुढे २०१२ मध्ये मूळ रंगांच्या जवळ जाणारी नवी डिस्क काढावी लागली. आता यातला ‘खरा’ सिनेमा कुणाचा? दिग्दर्शकाचा की छायाचित्रकाराचा?

जॉर्ज लुकास यांनी तर ‘स्टार वॉर्स’मध्ये १९९७ साली नवी दृश्यं घातली, जुनी बदलली आणि त्याला ‘स्पेशल एडिशन’ म्हटलं. त्यानंतर डीव्हीडी आली तीही बदललेलीच. १९७७ साली लोकांनी जो पाहिला होता तो चित्रपट २००६ मध्ये डिस्कवर आला खरा, पण जोडडिस्क म्हणून, आणि तोही जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या नकलेवरून! याच्या उलट रिडले स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’. २००७ मध्ये त्याची ‘फायनल कट’ आवृत्ती आली, तेव्हा पाच डिस्कच्या संचात आधीच्या चारही आवृत्त्या सोबत दिल्या. ज्याला जी हवी ती त्यानं पाहावी.

कॉलेजातला मुलगा म्हणतो, ‘कवीला कविता दुरुस्त करायचा हक्क आहे, तसा दिग्दर्शकालाही आहे.’ काका म्हणतात, ‘मी थिएटरात जो दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तोच खरा.’ मग मी त्यांना ‘शोले’ची आठवण देतो. आणीबाणीच्या काळात, १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेणं सेन्सॉरला मान्य नव्हतं. शेवट पुन्हा चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलीस येऊन पोचले. काकांनी दाखवला तो हा शेवट. मूळ शेवट पुढे परदेशी व्हिडिओ प्रतींतून फिरत राहिला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं सिप्पी फिल्म्सबरोबर केलेली नवी प्रत जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, तीत तो शेवट परत आला आणि कापलेले दोन प्रसंगही. डिसेंबरमध्ये ती आपल्याकडच्या थिएटरांत लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या तो शेवट खरा, की दिग्दर्शकानं कल्पिलेला?

माझं मत असं : दोन्ही खरे. एक दिग्दर्शकाच्या मनाचा पुरावा आहे, दुसरा त्या काळाचा. बदल जरूर करा, पण आधीचं पुसू नका. संपादित पोथीतही तळटीपेत पाठभेद देतातच ना?

हे नुसतं शौकिनांचं भांडण नाही, कारण मूळ वस्तू नाशवंत आहे. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत आग लागली आणि सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. ते जळके तुकडे अमेरिकेत जपून ठेवले गेले. वीस वर्षांनी बोलोन्याच्या तज्ज्ञांनी ते पुन्हा मऊ केले, हातानं सांधले. ‘पथेर पांचाली’ची सुमारे चाळीस टक्के निगेटिव्ह आणि ‘अपराजितो’ची साठ टक्क्यांहून अधिक वाचवता आली. ‘अपुर संसार’ची काहीच नाही. उरलेलं इतर प्रतींवरून भरून काढलं आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा जगासमोर आले. आणि आपल्या पुण्यातही जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली, तिथं ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या. मूळ गेलं की नक्कल हीच पोथी होते. मग ती कुणी, कशी केली, याला महत्त्व येतं.

आपल्या मराठी चित्रपटांच्या कितीतरी नकला मी पाहिल्या आहेत. एका व्हीसीडीत भर गाण्यात कंपनीचा पत्ता सरकत जायचा. दुसरीत दोन गाणीच गायब. उद्या कुणाच्या हाती फक्त तीच प्रत लागली, तर तो म्हणेल, या सिनेमात गाणी एवढीच होती.

आता डिस्कचाही जमाना सरला, असं म्हणतात. सगळं इंटरनेटवर मिळतं. पण २०२३ मध्ये त्याच ‘फ्रेंच कनेक्शन’मधला, वर्णद्वेषी शब्द असलेला एक छोटा तुकडा अमेरिकेत अशा ऑनलाइन प्रतीतून मुकाट्यानं गाळलेला आढळला. तो शब्द वाईटच आहे, आणि तो बोलणारा पोलीस कसा माणूस आहे हे दाखवण्यासाठीच तो तिथं होता. गाळल्याचं लोकांच्या लक्षात कशावरून आलं? त्यांच्या घरी जुन्या डिस्क होत्या, त्यावरून!

म्हणून श्रोतेहो, माळ्यावरच्या कॅसेट आणि डिस्क भंगारात देण्याआधी एकदा चाळून पाहा. नवी प्रत घेताना तीन प्रश्न विचारा : ही कशावरून केली? चित्र पूर्ण आहे का? आणि पूर्वीची आवृत्ती सोबत दिली आहे का? असे प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागलं, तर नक्कल करणाऱ्यांचा हातही थोडा जपून चालेल.