दुकानाची पाटी

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हसूं येईल. ज्यानें जन्मभर फळ्यावर खडूनें अक्षरें काढलीं, त्या मास्तरानें दुकानांच्या पाट्यांविषयीं काय बोलावें? परंतु फळा काय आणि पाटी काय, दोन्ही ठिकाणीं लिहिलेलें वाचतां आलें पाहिजे. मी मॅट्रिक होऊन शिक्षक झालों व चिपळूण तालुक्यांत नोकरी करून निवृत्त झालों. व्यापाराचें ज्ञान मला नव्हतें. जें थोडें मिळालें, तें एका विद्यार्थ्यामुळें व पुष्कळशा धास्तीमुळें मिळालें.

हा विद्यार्थी वर्गांत हुशार गणला जात नसे. मात्र त्याचें अक्षर मोत्यासारखें. २०२२ सालीं तो माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, रेडियमच्या कामाचें यंत्र घ्यावयाचें आहे. पतपेढी कर्ज देते, पण जामीन हवा." मीं सही केली. माझें घर निवृत्तिवेतनावर चालतें, हें सही करतांना मला ठाऊक होतें. आमच्या मंडळींना मात्र ती गोष्ट मागाहून कळली.

बाजारांत ज्याला रेडियम म्हणतात, त्यांत त्या नांवाच्या धातूचा लेशही नसतो. तो असतो व्हिनाइल नांवाच्या प्लॅस्टिकचा पातळ रंगीत पापुद्रा. त्याच्या पाठीला गोंद व गोंदाखालीं गुळगुळीत कागद. अक्षरें संगणकावर जुळवावयाचीं. मग प्लॉटर नांवाच्या यंत्रांतील बारीक पातें तेवढा पापुद्रा कापतें, खालच्या कागदास धक्का लावीत नाहीं. अक्षरांभोंवतालचा व त्यांच्या पोटांतला नको असलेला भाग सोलून काढावयाचा, वरून चिकट कागद लावून सगळा शब्द एकदम उचलावयाचा, आणि स्वच्छ पुसलेल्या काचेवर वा पत्र्यावर दाबून बसवावयाचा. देवनागरींत आणखी एक दक्षता लागते. शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा संगणकावर अगोदर एकजीव कराव्या लागतात. नाहीं तर पातें प्रत्येक सांध्यावर फिरतें आणि शब्दाचे तुकडे पडतात.

यंत्र आलें, पण गिऱ्हाईक येईना. तीन महिने तो दुकानोदुकानीं हिंडला. अखेर हप्ता चुकला आणि पतपेढीची चिठ्ठी माझ्या घरीं आली. दुसऱ्या दिवशीं मी छत्री घेऊन त्याच्याबरोबर निघालों. त्याचें बोलणें ऐकलें आणि चूक ध्यानांत आली. तो दुकानदाराला सांगे, "माझें यंत्र असें आहे, इतके रंग आहेत, आणि आतां कायदा झाला आहे, मराठी पाटी नसेल तर दंड होईल." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. २०२२ च्या दुरुस्तीनें महाराष्ट्रांत दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपींत मराठी नांव लावणें सक्तीचें झालें. मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षराहून लहान असूं नये, असेंही त्यांत आहे. पुढें २०२३ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या व्यापाऱ्यांना अशा पाट्या लावण्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. हें सर्व खरें. परंतु भीति दाखवून माल विकला, तर तें गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दाराशीं येत नाहीं. मीं म्हटलें, "अरे, तूं आपलें यंत्र विकतोस. त्याला यंत्र नको, गिऱ्हाईक हवें आहे. आधीं त्याच्या दुकानासमोर उभा राहून पाहा."

आम्ही भांड्यांच्या एका दुकानासमोर उभे राहिलों. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुराचें पाणी बाजारपेठेंत शिरलें, त्यांत त्यांची रंगविलेली पाटी गेली होती. तेव्हांपासून तेथें उन्हानें विटलेलें फ्लेक्सचें फडकें लोंबत होतें. रस्त्यापलीकडून अंतर मोजलें, तें चाळीस फूट भरलें. या धंद्यांतला ठोकताळा असा कीं, दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची निदान एक इंच असावी. म्हणजे चार इंच झाले. शिवाय वेलांट्या, मात्रा व उकार यांसाठीं वरखालीं निराळी जागा. त्या फडक्यावर मालकांचा फोटो मोठा आणि अक्षर जेमतेम दोन इंचांचें! आम्ही मालकांना रस्त्यापलीकडे आणून विचारलें, "शेटजी, येथून काय वाचतां येतें?" ते डोळे बारीक करून म्हणाले, "माझें तोंड तेवढें दिसतें." काम तेथेंच ठरलें.

मुलानें त्यांना दोन नमुने दाखविले. एक रुळांखालीं दाबून केलेला स्वस्त पापुद्रा, जो कांहीं वर्षांत आकसून कडांनीं सुटूं लागतो. दुसरा पातळ ओतून केलेला, महाग पण अधिक टिकाऊ. दुकानाचें तोंड पश्चिमेला, त्यांत कोंकणचा पाऊस. दोहोंचे गुणदोष सांगून त्यानें निवड शेटजींवर सोपविली. त्यांनीं महाग नमुना घेतला.

पाटी लागली, आणि चौथ्या दिवशीं शेटजींचा संतप्त निरोप आला. जाऊन पाहतों तों खालच्या काचेवर लिहिलें होतें, "पितळेची भाडी मिळतील." लोक आंत येऊन विचारीत होते, "शेटजी, भाडें किती?" नको असलेला भाग सोलतांना अनुस्वाराचें टिंब त्याच्याबरोबर निघून गेलें होतें. ज्या अनुस्वारापायीं मीं मुलांचे गुण कापले, तोच माझ्या डोळ्यांदेखत निसटला. कारण कागदावरचा मसुदा मीं तपासला, काचेवरचें काम तपासलें नाहीं. मुलानें सबब सांगितली नाहीं. टिंब कापून आणलें, बसविलें आणि बिलांतून दोनशें रुपये आपण होऊन कमी केले. शेटजींनीं ते कापूनच पैसे दिले, व्यापारीच ते. पण महिन्याभरांत शेजारचे दोन दुकानदार त्यांनींच धाडले.

आतां पाटी बसवून झाली कीं, मुलगा मालकाला समोर उभा करून ती अक्षरशः मोठ्यानें वाचून घेतो. गांवांत पाट्या रंगविणारे एक वृद्ध पेंटर आहेत. यंत्रांनीं त्यांचा ब्रश बंद पाडला, हें मला सलत होतें. नांव केवढें घ्यावें, मोकळी जागा किती सोडावी, हें यंत्राला कळत नाहीं, त्यांना कळतें. म्हणून मांडणीसाठीं मुलगा त्यांना दर पाटीमागें मोबदला देतो. पूर्वीइतकी मिळकत त्यांची होत नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

श्रोतेहो, हा धंदा करूं पाहणाऱ्या तरुणांना माझें एवढेंच सांगणें आहे. आधीं रस्ता पाहा, मग माल दाखवा. मालाचा दोष गिऱ्हाइकाला कळण्याआधीं आपल्या तोंडून कळूं द्या. आणि टिंबाला क्षुल्लक समजूं नका. हप्ता पुन्हा चुकला नाहीं. गेल्या दिवाळींत कर्ज फिटलें, आणि ती गोष्ट मात्र आमच्या मंडळींना मीं स्वतः सर्वांआधीं सांगितली.