एक सही बाकी आहे

(आपल्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातले अनुभव’ हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आपला निम्मा वर्ग त्याच क्षेत्रात आहे आणि उरलेल्या निम्म्यांना घरी रोज तेच ऐकावं लागतं. म्हणून आज गडचिरोलीतल्या एका गावाच्या व्यवसायाबद्दल बोलते, आणि शेवटी इथल्याच, नौपाड्यातल्या माझ्या बिल्डिंगबद्दल.

विषय डोक्यात शिरला तो मात्र अमेरिकेत. कंपनीने मला मिनियापोलिसला पाठवलं होतं. तिथून जवळच प्रायर लेकला ‘मिस्टिक लेक’ नावाचा अवाढव्य कॅसिनो आहे. कुणा धनाढ्य शेठचा असेल असं मला वाटलं होतं. तो निघाला डकोटा आदिवासींच्या एका लहानशा समुदायाच्या सामायिक मालकीचा! १९८२ साली त्यांनी आपल्या जमिनीवर साधा बिंगोचा हॉल काढला होता. पुढे हॉटेल, गोल्फचं मैदान, किराणा दुकान असं वाढत गेलं. आज ते इतर जमातींना कर्ज आणि अनुदान देतात.

ऑफिसातल्या एकाने सहज विचारलं, ‘तुमच्याकडचे आदिवासी कोणते उद्योग चालवतात?’ मला काही सांगता येईना. डोळ्यांसमोर आल्या त्या पावसाळ्यात येऊरहून शेवळं, टाकळा, करटोली घेऊन आपल्या गल्लीत येणाऱ्या बायका, आणि दोन रुपयांसाठी त्यांच्याशी हुज्जत घालणारी आमची आई. मोठी झाल्यावर मीही तेच केलं.

परत आल्यावर वाचत गेले, आणि गेल्या डिसेंबरमध्ये मेंढा (लेखा) हे गाव पाहून आले. धानोरा तालुक्यातलं, शंभरेक उंबऱ्यांचं गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल.

वन हक्क कायदा २००६ सालचा. त्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण त्या जंगलातला बांबू विकायची वेळ आली तेव्हा गाडी अडली. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबू ‘झाडा’त मोडत असे. नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे गावाचा. एकाच गोष्टीच्या दोन व्याख्या असल्या की काय गोंधळ होतो, हे आमच्या क्षेत्रातल्यांना सांगायला नको. बांबू गावाचा, पण तो बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. मग ग्रामसभेने बांबू स्वतः विकला. उत्पन्न कोटीच्या घरात गेलं.

मी गेले होते ती हा हिशेब समजून घ्यायला. पण मनात राहिलं ते दुसरंच. कायदा सगळ्या गावांना सारखाच होता. मेंढ्याला तो इतक्या लवकर वापरता आला, कारण त्याआधी वीस-पंचवीस वर्षं गाव एकत्र बसून ठरवायला शिकलं होतं. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्यांनी अभ्यासगट चालवले. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत ठरवायचं. आणि ठरवायचं ते बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचं जरी मन तयार नसेल तरी निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. मला आधी हे फार खर्चिक वाटलं. आमच्याकडे असं केलं तर एकही प्रोजेक्ट वेळेत जाणार नाही. पण शंभर घरांनी मिळून जंगल सांभाळायचं तर बैठकीत हरलेलं एक घरसुद्धा परवडत नाही. कारण रात्री कुऱ्हाड घेऊन कोण जंगलात जातं, हे बघायला चौकीदार किती ठेवणार?

आता आमची बिल्डिंग. चोवीस बिऱ्हाडं, पुनर्विकासाला तेवीस सह्या. तळमजल्यावरच्या एक काकू सही करत नाहीत. कमिटीत मी आहे. सह्यांची एक्सेल शीट मी केली, आणि काकूंच्या नावाला लाल रंगही मीच दिला. आम्ही तीनदा फाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो, तिन्ही वेळा वाढीव कार्पेट एरिया समजावला. कायद्याने बहुमत पुरतं, हेही गोड शब्दांत ऐकवलं. त्या प्रत्येक वेळी एवढंच म्हणायच्या, ‘बाळा, तीन वर्षं भाड्याच्या घरात मी टिकेन का, ते सांग.’

गडचिरोलीहून आल्यावर मी फाइल न घेता त्यांच्याकडे गेले. दोन तास बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं: भाड्याचं घर नौपाड्यातच हवं, तळमजल्यावर हवं, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर हवा, आणि मधल्या काळात त्या गेल्याच, तर घर मुलीला मिळेल हे कागदावर हवं. चारही गोष्टी करारात लिहिता येण्यासारख्या आहेत. तीन भेटींत आमच्यापैकी कुणी त्या विचारल्याच नव्हत्या.

बिल्डरचं उत्तर अजून आलेलं नाही. उशीर होतोय म्हणून चार घरं माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यातलं एक या सभागृहात बसलंय! त्यांचंही चूक नाही. पावसाळ्यात त्यांचं छत गळतं, तेव्हा त्यांची घाई खरी आहे. कदाचित शेवटी बहुमतानेच पुढे जावं लागेल. पण येत्या रविवारच्या सभेत मी एक महिना मागणार आहे, आणि शीटवरचा तो लाल रंग मी काढून टाकलाय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जुन्या इमारतींत हेच चाललेलं असणार. कुणाकडे अशी एखादी सही बाकी असेल, आणि ती मिळवण्याची काही चांगली रीत सापडली असेल, तर चहाच्या वेळी मला नक्की सांगा. रविवारपर्यंत मला तिचा उपयोग आहे.