लंगोट कुणी धुवायचे?

(पासली येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा संपादित भाग)



शिबिराच्या विषयपत्रिकेत 'लंगोट' हा शब्द वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. दारूबंदी, पोटगी, सातबाऱ्यावर बाईचं नाव, ग्रामसभा या विषयांच्या रांगेत लंगोट कुठून आला? तर तो घराघरातून आला. तान्हं बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं. ते बदलणं, धुणं, वाळवणं, घडी घालणं हे काम दीड-दोन वर्षं रोज चालतं. पण आपल्या एकाही अहवालात त्याचा उल्लेख नसतो.

गेल्या वर्षभरात पासली आणि आसपासच्या वाड्यांमधल्या आयांबरोबर आम्ही वेगवेगळ्या तऱ्हेचे कापडी लंगोट वापरून पाहिले. त्यातून काय कळलं ते आज सांगणार आहे.

पूर्वीच्या बायांचं कापड आता कुठे आहे?

बाळ जन्मायच्या आधी नवे कपडे शिवायचे नाहीत, अशी आपल्याकडे रीत. आजीचं जुनं लुगडं, आजोबांचं धोतर फाडायचं आणि त्याची दुपटी, बाळोती, लंगोट करायचे. यात शहाणपण होतं. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड मऊ होतं, त्यातली खळ निघून गेलेली असते, ते पाणी पटकन शोषतं. आता घरातली ट्रंक उघडा. काय निघतं? मानपानात आलेल्या पॉलिएस्टरच्या साड्या. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही. त्याचा लंगोट केला तर शू सरळ खालच्या गोधडीत जाते, आणि मग गोधडी धुवावी लागते. भिजलेली गोधडी पिळणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

'आम्ही नाही का मुलं वाढवली?' असं सासू सुनेला ऐकवते. वाढवली खरी, पण तेव्हा घरात सुती लुगडं होतं. आज ते विकत आणावं लागतं.

दुसरीकडे दुकानात डायपरची एकेक पाकिटं माळेसारखी टांगलेली दिसतात. एक डायपर साधारण दहा रुपयाला धरलं आणि दिवसाला चारच वापरले, तरी महिन्याला बाराशे रुपये झाले. तरीही बाया घेतात. गावाला जाताना, दवाखान्यात जाताना, लावणीच्या दिवसांत रात्रीची झोप मिळावी म्हणून घेतात. अशा बाईला आळशी ठरवण्याचं काम आपण करायचं नाही. ती पैसे देऊन दोन तासांची विश्रांती विकत घेत असते.

आम्ही काय वापरून पाहिलं

पहिला प्रकार, बंदाचा तिकोनी लंगोट. नव्या बाळाला हा चांगला. पातळ असल्यामुळे लवकर वाळतो, घरी शिवता येतो. बंद नाळेच्या खाली बांधायचा आणि सैल ठेवायचा. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले, फाकलेले राहू द्यायचे. पाय सरळ ताणून करकचून गुंडाळले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो. या लंगोटाचा दोष एवढाच की तो काही धरून ठेवत नाही. प्रत्येक शूला बाळाबरोबर अंथरूणही बदलावं लागतं.

दुसरा, चौकोनी घडीचा. पाऊण मीटर लांबरुंद मलमलीचा किंवा पंचाच्या कापडाचा नुसता तुकडा. घडी घातली की पाच-सहा पदर होतात आणि उलगडला की एकच पदर. बाळ मोठं झालं की घडी बदलायची, कापड तेच. सुरुवातीला तरुण आयांना घडी किचकट वाटली, पण आठवड्याभरात हात बसला.

तिसरा, आत जाड पदर घालून शिवलेला. शोषतो भरपूर, दिसतोही नीटनेटका. हिवाळ्यात-उन्हाळ्यात तो सगळ्यांना आवडला. आषाढात मात्र दोन-दोन दिवस वाळेना. वरून कोरडा लागे, पण आतून दमट राही आणि वास मारे. असा लंगोट घातला की बाळाची कातडी लाल होते.

चौथा, बटणांचा. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड आणि आत काढता-घालता येणारी घडी. शहरात असे लंगोट आता कंपन्या विकतात. मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ साली सुरू केलेली सुपरबॉटम्स त्यातलीच एक. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या बाईने रोज रोज बाळाचं अंथरूण धुण्याला कंटाळून न्हाणीघराच्या पडद्याचं कापड कापलं आणि लंगोटावर घालायचं आवरण शिवलं. १९५१ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. बटणांचा लंगोट वर्ष-दीड वर्ष पुरतो, पण एका नगाला काही शे रुपये पडतात. ते एकरकमी आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.

पाचवी, प्लास्टिकची चड्डी. ती आम्ही लवकरच सोडली. आत हवा जात नाही आणि पुरळ उठतं.

शेवटी बायांनीच यातून आपली जोडणी केली. आत चौकोनी घडी आणि वर पाणी न झिरपणारं आवरण. आवरणाचं कापड शहरातून आणलं, गावातल्याच शिवणयंत्रावर शिवून घेतलं. शूनंतर आतली घडी तेवढी बदलायची, आवरण पुसून पुन्हा वापरायचं. अंथरूण वाचतं, आणि धुवायला येतो तो एक पदरी तुकडा, जो लवकर वाळतो.

चालत्या मुलाची गोष्ट निराळी. दिवसा घरी ते उघडंच असतं. त्याला ठराविक वेळी पायांवर बसवायची आपली पद्धत चांगली आहे, ती मोडू नका. बाहेर जाताना सुती चड्डीत दोन पदरी तुकडा शिवला की पुरतं.

दोन गोष्टी सगळ्याच प्रकारांना लागू. तान्ह्याची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही रोगजंतू पसरतात. ती संडासात टाकायची, ओढ्यात खळबळायची नाही. आणि साबण पुरता निघेपर्यंत कापड खळबळून घ्यायचं, कारण राहिलेल्या साबणानेही कातडी चिडते. पुरळ उठलं तर बाळाला काही वेळ मोकळं ठेवा. दोन-तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा.

वाळवणं आणि पाणी

पासली सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. वेल्ह्याहून केळदला जाणाऱ्या या भागात पाऊस किती कोसळतो ते तुम्ही जाणता. चार महिने ऊन दिसत नाही. शेगडीवर डालगं उपडं घालून त्यावर कापडं वाळवायची, नाहीतर चुलीवरच्या दोरीला टांगायची. धूर बाईच्या डोळ्यांत आणि बाळाच्या छातीत जातो. त्यातून बाळाचे कपडे दिवेलागणीनंतर बाहेर ठेवायचे नाहीत, असाही दंडक. म्हणजे वाळायचे तास आणखी कमी.

आणि मार्चनंतर उलटी गत. पावसाचं पाणी उतारावरून निघून गेलेलं असतं, झरे आटतात, बाई हंडा घेऊन लांब जाते. पानशेतचं धरण याच तालुक्यात आहे, त्याचं पाणी पुण्याला जातं. इथली आई मात्र लंगोट धुवायला पाणी द्यायचं की भांड्यांना, हा हिशोब करत बसते. अशा घरात जाऊन 'कापड वापरा, पर्यावरण वाचवा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

ब्रिटनच्या सरकारी यंत्रणांनी याचा हिशोब केला आहे. २००८ च्या अभ्यासात अडीच वर्षांत एका बाळामागे कर्बवायू किती होतो ते मोजलं. फेकायच्या डायपरचा सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटाचा ५७० किलो निघाला. फरक पडत होता तो धुण्यावाळवण्याच्या पद्धतीने. यंत्र भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापड बरंच सरस ठरतं. २०२३ च्या नव्या अभ्यासात तर कापडी लंगोटाचा भार साधारण एक चतुर्थांशाने कमी आला. पण या हिशोबात धुणारं यंत्र आहे, त्याची वीज आहे. आपल्याकडे यंत्राच्या जागी बाई आहे. तिच्या कंबरेचा रकाना त्यात कुठेच नाही.

फेकलेल्या डायपरचा भारही शेवटी बाईच्याच हातावर येतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि 'स्वच्छ'च्या कचरावेचक बायांनी २०१३ साली वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कंपन्यांना परत पाठवले होते. आमच्या हातांना ही घाण का, असा त्यांचा सवाल होता. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर गुंडाळून वेगळं द्यायचं आणि त्यासाठी कंपन्यांनी पिशव्या पुरवायच्या, असं आलं. वाडीवर कचऱ्याची गाडीच येत नाही. तिथे डायपर ओढ्यात जातं, नाहीतर जाळलं जातं.

हात कुणाचे?

सव्वा महिना माहेरी असेपर्यंत लंगोट बाळंतिणीची आई धुते. सासरी आल्यावर ती स्वतः धुते. आणि भातलावणी सुरू झाली की आठ-दहा वर्षांची थोरली मुलगी धुते. शाळेच्या हजेरीपटावर तिची ती गैरहजेरी लागते, पण तिचं कारण कुणी लिहीत नाही.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे.

काही घरांत आम्ही आठवडाभर लंगोटांचं धुणं बापाकडे दिलं. कुरकूर झाली, शेजारी हसले. सासूबाईंना मुलाने शी धुतलेली पाहवेना. पण गंमत बघा, वर्षानुवर्षं बाई मागत होती ती पडवीतली दुसरी दोरी आठवड्याच्या आत बांधली गेली! काम ज्याच्या अंगावर पडतं त्याला अडचण दिसते.

म्हणून गटांनी काय करायचं? लंगोटांचा एक संच गटाने करावा, दोन डझन चौकोनी तुकडे आणि चार आवरणं. एका बाळाचं झालं की उकळून दुसऱ्या बाळाला द्यावं. इथे जात आडवी येईल, कुणाच्या बाळाचं कापड कुणाच्या बाळाला, असं विचारलं जाईल. तो वाद टाळू नका, गटातच करा. धुण्याची पाळी लावताना घरातल्या पुरुषांची नावं लिहा. ग्रामसभेत वाडीवर पाणी आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर मागा. अंगणवाडीसमोर पावसात कपडे वाळतील अशी छपराची जागा मागा.

आणि यापुढे कुठल्याही सर्वेक्षणाला जाल तेव्हा घरात तान्हं मूल आहे का, एवढं विचारून थांबू नका. त्याचे लंगोट कोण धुतं, तेही विचारा आणि लिहून घ्या.